‘नाही’ लिहून मिळालेला विमा

विम्याच्या फॉर्मवर दुखणं लिहायचं नसतं, हे आपल्या बीड जिल्ह्यात शहाणपण म्हणून सांगितलं जातं. शाळेच्या स्टाफरूममध्ये, मोंढ्यातल्या आडतीवर, बँकेच्या रांगेत. आणि सांगणारा बहुतेक वेळा आपल्या भल्याचाच माणूस असतो. शुगर असली तरी ‘नाही’ लिहा. बीपीची गोळी चालू असली तरी ‘नाही’. तंबाखू? सिगारेट ओढता का, नाही ना, मग ‘नाही’. मेडिकल निघालंच तर चार दिवस गोड बंद करा, पुडी बंद करा, आदल्या रात्री उपाशी झोपा, सगळं नॉर्मल येतं. आणि एकदा तीन वर्षं निघाली की कंपनीचा बापही काही विचारू शकत नाही, कायदाच आहे तसा.

या सल्ल्यातला तीन वर्षांचा भाग खरा आहे. बाकीचा काही अर्धवट आहे, काही निव्वळ चूक आहे. पण मला सगळ्यात जास्त भीती वाटते ती त्या खऱ्या भागाचीच, कारण त्याच्या भरवशावर माणसं उरलेलं सगळं गिळतात.

आधी हा सल्ला आपल्याकडे इतका का रुजला ते बघू. बीडमध्ये ‘विमा भरला का’ असं कुणी विचारलं, तर तो पिकाबद्दल विचारत असतो. २०२० च्या खरिपात नुकसानभरपाईचं ८०-११० चं सूत्र इथे लागू झालं आणि ‘बीड पॅटर्न’ हे नाव राज्यभर गेलं. २०२३ मध्ये एक रुपयात पीकविमा आला, पुढे बोगस अर्जांचा गाजावाजा झाला आणि २०२५ मध्ये ती सवलत गेली. या सगळ्या वर्षांत शेतकऱ्याने काय केलं? आधार, सातबारा, पासबुक घेऊन सेवा केंद्रात गेला. फॉर्म भरला तो केंद्रातल्या पोराने. सोयाबीनला आधी कुठला रोग होता का, असं कुणी विचारलं नाही. भरपाई ठरायची ती मुख्यतः महसूल मंडळाच्या सरासरी उत्पन्नावर. त्यामुळे फॉर्म म्हणजे दुसऱ्याने भरायचा, आपण सही किंवा अंगठा द्यायचा आणि पावती जपायची, ही सवय हाडात मुरली.

आयुर्विम्याचा प्रपोजल फॉर्म तसा नाही. तिथे मंडळ नाही, सरासरी नाही. कंपनीला तुमच्याबद्दल काहीच ठाऊक नसतं आणि तुम्हाला सगळं ठाऊक असतं. म्हणून कायदा या कराराला साध्या खरेदी-विक्रीपेक्षा वेगळा मानतो. परम सद्भावाचा करार म्हणतात तो हा. तुम्ही जे लिहिलं त्यावर कंपनी हप्ता ठरवते, आणि तुम्ही जे लिहिलं त्यावरच पुढे क्लेम टिकतो किंवा पडतो.

आता सल्ला देणाऱ्यांच्या मनात एक चित्र असतं. आजार लपवला, कंपनीला कळणार कसं? शुगर काय कपाळावर लिहिलेली असते? हा प्रश्न विचारणाऱ्याने एकदा अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ रुग्णालयाच्या किंवा बीडच्या जिल्हा रुग्णालयाच्या अपघात विभागात रात्री तासभर उभं राहावं. माणसाला छातीत कळ आल्यावर आणलेलं असतं. ड्युटीवरचा डॉक्टर विचारतो, आधीपासून काही आहे का? आणि बायको, भाऊ, मुलगा, जो कोणी सोबत असेल तो जीव तोडून खरं सांगतो. ‘साहेब, पाच वर्षांपासून शुगर आहे, बीपीची गोळी चालू आहे, मागच्या उन्हाळ्यात चक्कर आली होती.’ सांगितलंच पाहिजे, नाहीतर उपचार चुकतील. डॉक्टर केसपेपरवर लिहितो: के.सी.ओ. डी.एम., एच.टी.एन. म्हणजे मधुमेह आणि रक्तदाब असलेला जुना रुग्ण, किती वर्षांपासून तेही सोबत. माणूस वाचला तर तो कागद रद्दीत जातो. नाही वाचला, तर तोच कागद विमा कंपनीच्या फाइलला लागतो.

लपवण्याची सगळी मसलत या एका जागी कोसळते. ज्या क्षणी घरच्यांनी खोटं बोलणं शक्यच नसतं, नेमका त्याच क्षणी पुरावा तयार होतो. आणि तो तयार करणारं माणूस बहुतेक वेळा पॉलिसीत नॉमिनी म्हणून लिहिलेलं असतं.

पुढचं कामकाज ठरलेलं आहे. पॉलिसी घेतल्यापासून तीन वर्षांच्या आत मृत्यू झाला की तो ‘अर्ली क्लेम’ ठरतो आणि तपासणी लागते. आयुर्विमा महामंडळाच्या क्लेमच्या कागदांत ३७८४ क्रमांकाचा फॉर्म असतो, तो उपचार करणाऱ्या डॉक्टरने भरायचा असतो. आजार काय होता आणि किती दिवसांपासून होता हे त्यात विचारलेलं असतं. नोकरदार असेल तर कार्यालयाकडून रजेचा तपशील मागतात. चौकशीला आलेला माणूस तालुक्याच्या मेडिकल दुकानात जातो, जुन्या डॉक्टरकडे जातो, शेजाऱ्यांशी चहा पितो. गावात कुणाला कोणती गोळी चालू आहे हे लपत असतं का कधी?

तरीही, म्हणतात, तीन वर्षं काढायची. विमा कायदा १९३८, कलम ४५. हे कलम मी मुद्दाम नीट सांगतो, कारण त्याचं अर्धंच वाक्य गावोगाव फिरतं. २०१५ च्या दुरुस्तीआधी ही मुदत दोन वर्षांची होती आणि दोन वर्षांनंतरही कंपनीला फसवणूक सिद्ध करून क्लेम नाकारता येत असे. दुरुस्तीनंतर मुदत तीन वर्षांची झाली आणि त्यानंतर कोणत्याही कारणाने पॉलिसीला आव्हान देता येत नाही. विमेदारांच्या बाजूने केलेली ही मोठी सुधारणा आहे, आणि ती व्हायलाच हवी होती. वीस वर्षं हप्ते घेतल्यावर पहिल्या दिवशीचा फॉर्म उकरून काढणाऱ्या कंपन्यांना तिने आळा घातला.

पण तीन वर्षं मोजायची कुठून? पॉलिसी दिल्याची तारीख, जोखीम सुरू झाल्याची तारीख, पॉलिसी पुनरुज्जीवित केल्याची तारीख किंवा रायडर जोडल्याची तारीख, यांतली जी सगळ्यात नंतरची असेल तिथून. हे ‘पुनरुज्जीवित’ कुणी सांगत नाही. आणि आपल्या जिल्ह्यात सगळा घात तिथेच होतो. ऊसतोडीला जाणाऱ्या घरात पैसा येतो तो मुकादमाच्या उचलीच्या वेळी, दसऱ्याच्या आगेमागे. पाडव्याच्या सुमाराला टोळी परत येते तेव्हा हिशेबात उचल फिटलेली असते किंवा फिटायची राहिलेली असते. एजंटाने पॉलिसी जून-जुलैत काढलेली असेल, तर दरवर्षी हप्त्याची तारीख नेमकी खडखडाटाच्या दिवसांत येते. वार्षिक हप्त्याला तीस दिवसांची सवलत मिळते, तीही जाते. पॉलिसी बंद पडते. वर्षा-दीड वर्षाने कुणीतरी म्हणतं, भरलेले पैसे वाया घालवू नका, व्याजासकट भरून चालू करून घ्या. चालू करताना तब्येतीचं नवं निवेदन द्यावं लागतं, महामंडळात त्याचा ६८० नंबरचा फॉर्म असतो, आणि त्यावर पुन्हा एकदा सगळीकडे ‘नाही’ पडतं. पॉलिसी २०१९ ची, चालू केली २०२४ मध्ये, म्हणजे घड्याळ २०२७ पर्यंत पुन्हा चालू. घरच्यांना वाटत असतं, आपली पॉलिसी जुनी आहे, आता कुणाची भीती?

दुसरी गोष्ट याहून उघड आहे. तीन वर्षं आपण जगणारच याची खात्री असती, तर विमा घेतला कशाला असता? आजार लपवून तीन वर्षं काढू म्हणणारा माणूस नेमक्या त्याच तीन वर्षांत स्वतःच्या कुटुंबाला उघड्यावर सोडत असतो, आणि त्या तीन वर्षांचे हप्तेही भरत असतो.

तीन वर्षांच्या आत कंपनीने नाकारलं तर काय होतं, तेही कलमातच आहे. नुसती चुकीची माहिती किंवा महत्त्वाची गोष्ट न सांगणं, एवढंच कारण असेल तर भरलेले हप्ते नव्वद दिवसांत परत द्यावे लागतात. कारण फसवणुकीचं असेल तर ही तरतूद लागू होत नाही. आणि फसवणुकीचा आरोप झाला व पॉलिसीधारक हयात नसेल, तर हेतू फसवण्याचा नव्हता हे दाखवण्याची जबाबदारी कायद्याने वारसांवर टाकलेली आहे. म्हणजे नवऱ्याने ओसरीवर बसून एजंटाला काय सांगितलं आणि एजंटाने काय लिहिलं, हे त्याच्या पश्चात बायकोने सिद्ध करायचं. जिला बऱ्याचदा पॉलिसी कितीची आहे हेसुद्धा नवऱ्याने सांगितलेलं नसतं.

इथे एजंटांच्या बाजूने बोलणारे एक मुद्दा काढतात आणि तो हलका नाही. त्याच कलमात म्हटलं आहे की विमा करारासाठी ग्राहकाशी बोलणी करणारा माणूस करार होण्यापुरता कंपनीचाच प्रतिनिधी मानला जाईल. मग एजंटाला शुगर सांगितली म्हणजे कंपनीला सांगितली, नाही का? तत्त्वतः हो. पण सांगितल्याचा पुरावा कुठे? एप्रिल २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे आलेल्या एका प्रकरणात, दुसऱ्या कंपनीकडे आधी घेतलेली पॉलिसी प्रपोजल फॉर्ममध्ये लपवलेली होती. फॉर्ममध्ये काय आहे ते ठाऊक नव्हतं, भरला दुसऱ्याने, ही सबब न्यायालयाने ऐकली नाही. सही केली म्हणजे परिणामही तुमचे. अंगठा असेल किंवा भाषा कळत नसेल, तर मजकूर समजावून सांगितल्याचं तिसऱ्या माणसाचं निवेदन फॉर्मवर घ्यावं लागतं. आपल्याकडे ते निवेदनही एजंटाच्या ओळखीचा कुणीतरी न वाचता सही करून देतो, आणि मग तेच निवेदन अंगठा देणाऱ्याच्या विरोधात उभं राहतं.

एजंटाचा राग करून उपयोग नाही. त्याचा पैसा पहिल्या हप्त्यावर असतो, तुमच्या शेवटच्या क्लेमवर नसतो. पहिला हप्ता मी भरतो, तुम्ही फक्त सही करा, असं म्हणणारा एजंट तर विमा कायद्याच्या ४१ व्या कलमाचा भंग करत असतो. अशा माणसाकडून फॉर्म खरा भरला जाईल ही अपेक्षा कशी धरायची?

आता मेडिकलकडे येऊ. या बाबतीतलं गावठी ज्ञान इतकं आत्मविश्वासाने सांगितलं जातं की ऐकणारा भारावतो. चार दिवस साखर सोडली की शुगर नॉर्मल. उपाशीपोटीची एका दिवसाची शुगर कदाचित उतरेलही. पण रकमेच्या आणि वयाच्या मानाने तपासणी थोडी मोठी असेल तर त्यात एचबीएवनसी असते, आणि ती मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगते. तिला तुमचा चार दिवसांचा संयम दिसत नाही. तंबाखूचं तसंच. लघवीत किंवा रक्तात कोटिनीन बघतात; निकोटिन शरीरात गेल्यावर तयार होणारा हा पदार्थ काही दिवस सापडतो, आणि रोजच्या खाणाऱ्यात जास्तच दिवस. तो विडीतून आला की गायछापातून, याचा चाचणीला फरक पडत नाही. गुटख्यावर आपल्या राज्यात २०१२ पासून बंदी आहे, म्हणून गुटखा खाणारा ‘मी तर काही खात नाही’ असं अगदी कायदेशीर चेहऱ्याने सांगतो. आणि मिश्री! सकाळी दातांना मिश्री लावणाऱ्या बाईला तंबाखू खाता का असं विचारलं तर ती संतापाने नाही म्हणेल, आणि तिच्या दृष्टीने ती खरंच बोलत असेल. भाजलेल्या तंबाखूची पूड हिरडीतून रक्तात जाते. फॉर्मवरचा प्रश्न ‘कोणत्याही स्वरूपात’ असा असतो. तिथे मिश्री लिहायची. हप्ता वाढेल, तो वाढू द्यायचा.

रक्त धाकट्या भावाचं देणारे महाभागही ऐकिवात आहेत. त्यांच्याशी वाद घालायचा नसतो. तो सरळ गुन्हा आहे.

यावर कुणी म्हणेल, मग तयारी करूच नये का? तयारी जरूर करावी, पण तपासणीत आपलं खरं शरीर दिसावं म्हणून. दहा-बारा तास उपाशी राहायला सांगितलं असेल तर पाण्याशिवाय काही नाही, चहाही नाही. एकादशी आहे म्हणून सकाळी शाबूची खिचडी आणि शेंगदाण्याचा लाडू खाऊन लॅबमध्ये गेलेल्या माणसाचे ट्रायग्लिसराइड विनाकारण वर दिसतात आणि कंपनी विनाकारण शंका घेते. आदल्या दिवशी फडात किंवा शेतात अंगमोड काम केलं असेल तर लघवीत प्रोटीन दिसू शकतं, म्हणून एक दिवस आराम. उन्हात पाणी न पिता फिरून आलेल्याचं क्रिएटिनिन चढलेलं येऊ शकतं. ताप-सर्दी असेल तर तारीख पुढे घ्यावी. बाईची पाळी चालू असेल तर लघवीच्या तपासणीत रक्त येतं. लाजून गप्प न बसता तारीख बदलून मागावी, कंपनीला ते नवीन नाही. पॅनेलच्या डॉक्टरकडे जिना चढून गेल्या गेल्या दंडाला पट्टा बांधून घेऊ नये. पाच मिनिटं बसावं, पहिलं बीपी जास्त आलं तर थोड्या वेळाने दुसऱ्यांदा घ्यायला सांगावं. आणि ज्याची बीपीची गोळी चालू आहे त्याने ती त्या दिवशी मुळीच चुकवू नये. गोळीवर बीपी काबूत आहे हे कंपनीला दिसलं पाहिजे. गोळी लपवायची म्हणून गोळीच बंद करणारे लोक आहेत, त्यांच्या जिवाला विमा कंपनीपेक्षा या सल्ल्याचा धोका जास्त आहे. जुन्या तपासण्या, डिस्चार्ज कार्ड, चालू गोळ्यांची चिठ्ठी सोबत न्यावी. डॉक्टर विचारील, त्याला सांगावं आणि त्याने लिहिलं का ते सही करण्याआधी बघावं.

सल्लागारांचा सगळ्यात तगडा युक्तिवाद मात्र वेगळाच आहे. मेडिकल कंपनीनेच केलं, डॉक्टर कंपनीचा, लॅब कंपनीची, सगळं तपासून पॉलिसी दिली. मग मेल्यावर ‘तुम्ही सांगितलं नाही’ म्हणायचा तिला अधिकार कुठला? ऐकायला हा अगदी न्यायाचा वाटतो, आणि काही अंशी आहेही. पण तपासणी त्या दिवसाचं शरीर बघते. दोन वर्षांपूर्वी झालेली अँजिओग्राफी, मागच्या वर्षी रक्ताची उलटी होऊन घेतलेली ॲडमिशन, ईसीजीत आणि लघवीच्या बाटलीत दिसत नाही. ऑक्टोबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिलेल्या पंजाबातल्या एका प्रकरणात ऑगस्ट २०१४ मध्ये साडेआठ लाखांची पॉलिसी घेतलेला माणूस महिनाभरातच गेला. आधीचा आजार आणि उपचार फॉर्मवर नव्हते. क्लेम नाकारणं न्यायालयाने योग्य ठरवलं. रक्कम आधीच दिली गेली होती आणि आई सत्तरीची होती, म्हणून तेवढी वसूल करू नका असं सांगितलं. ती माउली सुटली ती न्यायालयाच्या दयेवर.

आता याच्या शेजारी डिसेंबर २०२१ चा निकाल ठेवा. तो परदेश प्रवासासाठी घेतलेल्या आरोग्य विम्याचा होता, आयुर्विम्याचा नव्हे, पण तत्त्व उपयोगी आहे. त्या माणसाने मधुमेह असल्याचं सांगितलं होतं, कंपनीने तपासणी करून पॉलिसी दिली होती, आणि परदेशात हृदयाचं दुखणं निघाल्यावर मात्र आधीच्या आजाराकडे बोट दाखवून हात वर केले. सर्वोच्च न्यायालयाने कंपनीला ते करू दिलं नाही. सांगितलेला आजार माहीत असताना जोखीम घेतली आहे, आता मागे जाता येणार नाही. म्हणजे ‘कंपनीनेच तपासलं’ हा युक्तिवाद खरोखर चालतो, पण ज्याने फॉर्मवर ‘होय’ लिहिलं त्याच्या हातात चालतो. ‘नाही’ लिहिणाऱ्याला तो वापरता येत नाही.

आणि ‘होय’ लिहिलं की पॉलिसी मिळतच नाही, हेही खरं नव्हे. काबूत असलेल्या बीपीला, आटोक्यातल्या शुगरला कंपन्या बहुधा थोडा जादा हप्ता लावून विमा देतात. कधी सहा महिन्यांनी या म्हणतात. नाकारतातही. पण ‘सांगितलं की नाकारतात’ असं छातीठोकपणे सांगणाऱ्यांपैकी बहुतेकांनी आयुष्यात एकदाही सांगून बघितलेलं नसतं.

इथवर पुरुषांचंच बोललो, कारण सल्लाही पुरुषच पुरुषांना देतात. बायकांच्या फॉर्मवर बीडमध्ये एक वेगळं उत्तर लपतं. २०१९ मध्ये ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा विषय देशभर गेला. राज्य सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. सुमारे ८२ हजार ऊसतोड महिलांच्या पाहणीत १३ हजारांहून अधिक जणींचं गर्भाशय काढलेलं निघालं. पुढे खाजगी दवाखान्यात ही शस्त्रक्रिया करायची तर जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी लागेल असा नियम जिल्ह्यात आला. गावात याला ‘पिशवी काढली’ म्हणतात आणि दात काढल्याइतक्या सहज म्हणतात.

आता प्रपोजल फॉर्म उघडा. कधी दवाखान्यात दाखल झालात का, कधी ऑपरेशन झालं का? स्त्रियांसाठी पाळी, बाळंतपणं, गर्भाशयाचे विकार यांचे वेगळे प्रश्न. ज्या बाईला वयाच्या तिशीत, पोट दुखतं म्हणून गेल्यावर ‘कॅन्सर होईल’ असं घाबरवून पिशवी काढायला लावली, तिच्या फॉर्मवर एजंट खालून वर ‘नाही’ची रेघ ओढतो. तिला विचारतही नाही. आणि विचारलं तरी हे सांगायचं असतं असं तिला वाटत नाही, कारण तिच्या लेखी तो आजार नव्हता, आजार तर काढून टाकला होता. वर कंपनी कागद मागेल ही धास्ती. काढलेल्या गर्भाशयाच्या तपासणीचा अहवाल कुठे असतो? अनेकींना डिस्चार्ज कार्डसुद्धा दिलेलं नव्हतं.

तरीही लिहायचं. ‘गर्भाशय काढलं आहे’, अंदाजे साल, दवाखान्याचं गाव, आणि कागद मिळालेले नाहीत हेही. कंपनी सोनोग्राफी सांगेल, एखादा जादा अहवाल मागेल. कॅन्सर नसताना झालेल्या या शस्त्रक्रियेमुळे सहसा विमा अडत नाही. अडतो तो लपवल्यामुळे. कुणी म्हणेल, पिशवीचा आणि मृत्यूचा काय संबंध, बाई उद्या अपघाताने गेली तरी कंपनी हे उकरणार का? २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका मराठी कुटुंबाच्या बाजूने निकाल दिला तो असाच होता: मणक्याचं दुखणं सांगितलं नव्हतं, मृत्यू हृदयविकाराने झाला, जिवाला धोका नसलेल्या दुखण्याच्या लपवणुकीवरून क्लेम नाकारता येत नाही. निकाल चांगला आहे. पण तो मिळवायला त्या कुटुंबाला दिल्लीपर्यंत जावं लागलं. वडवणीच्या किंवा शिरूर कासारच्या ऊसतोड कामगाराने ती वाट धरावी, असा सल्ला कोण देईल?

एवढं सगळं विमेदाराला सुनावल्यावर कंपन्यांना मोकळं सोडणं अप्रामाणिकपणाचं होईल. शंभरातले पंचाण्णवहून जास्त मृत्यूदावे मंजूर होतात, असे आकडे त्या मिरवतात, आणि नियामकाच्या वार्षिक अहवालांत ते आहेतही. पण त्या सरासरीत वीस-वीस वर्षं जुन्या पॉलिसींचे दावे मिसळलेले असतात, ज्यांना कलम ४५ मुळे हातच लावता येत नाही. नाकारण्याचा सगळा खेळ पहिल्या तीन वर्षांत आहे, आणि त्या तीन वर्षांचा वेगळा आकडा जाहिरातीत कधी दिसत नाही. फॉर्म खोटा भरला जातो आहे हे शाखेत माहीत नसतं असं मी मानत नाही. एकाच हस्ताक्षरात, एकाच शाईत, गावातल्या पन्नास माणसांना कधीही साधा तापसुद्धा आलेला नाही, असे गठ्ठे जमा होतात. हप्ता घेताना कुणाला शंका येत नाही. शंका यायला माणूस मरावा लागतो.

आणि ज्याला विम्याची सगळ्यात जास्त गरज आहे त्याला खरं बोलूनही दारात उभं करत नाहीत, हेही आहे. कमी हप्त्यात मोठी रक्कम देणारा टर्म विमा मागायला गेलं की बहुतेक कंपन्या शिक्षण विचारतात, उत्पन्नाचा पुरावा मागतात. नवरा-बायकोच्या कोयत्याची कमाई कोणत्या फॉर्म सोळावर दिसते? हा प्रश्न नवा नाही. महामंडळाने टर्म पॉलिसी फक्त सरकारी, निमसरकारी आणि नामांकित कंपन्यांतल्या पगारदारांपुरती ठेवली होती, ती अट सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये घटनाविरोधी ठरवली. तीस वर्षं झाली. अट गेली, पुराव्यांची यादी आली. मग या माणसाच्या गळ्यात बचतीची पॉलिसी मारली जाते, जिचा हप्ता मोठा आणि विम्याची रक्कम किरकोळ, आणि जी दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी बंद पडते. कंपन्यांविरुद्धची ही तक्रार रास्त आहे, आणि ती मोठ्याने करायला हवी. पण तिचं उत्तर फॉर्मवरच्या खोट्या ‘नाही’त नाही, कारण त्या ‘नाही’चा फटका कंपनीला बसत नाही.

ज्यांच्या घरात आज पॉलिसीचे बाँड पेटीत आहेत त्यांनी ते काढून बघावेत. आपण सही केलेल्या प्रपोजल फॉर्मची प्रत मिळणं हा विमेदाराचा हक्क आहे. सोबत नसेल तर शाखेत लेखी मागावी. नवी पॉलिसी असेल तर हातात पडल्यापासून तीस दिवसांत ती परत करता येते. तेवढ्या दिवसांच्या जोखमीचा भाग, मुद्रांक शुल्क आणि मेडिकलचा खर्च कापून पैसे मिळतात. पॉलिसी ठेवायची असेल आणि ‘होय’च्या जागी ‘नाही’ पडलं असेल, तर आजार, साल, चालू गोळ्या लिहून शाखेला पत्र द्यावं, पोच घ्यावी आणि ती पोच बाँडसोबत ठेवावी. एजंट म्हणेल, कशाला झोपलेल्या कुत्र्याला उठवता, कंपनी जादा हप्ता लावेल नाहीतर पॉलिसीच रद्द करेल. लावू दे, करू दे. आज रद्द झाली तर दुसऱ्या कंपनीकडे जाता येतं. तिथे ‘पूर्वी कुठे विमा नाकारला गेला का’ या प्रश्नालाही ‘होय’ लिहावं लागेल, पण प्रत्येक कंपनीचं जोखमीचं माप वेगळं असतं आणि एकीने पुढे ढकललेला अर्ज दुसरी स्वीकारू शकते. ते होईपर्यंत पन्नाशीच्या आतल्या माणसाला बँकेतून वर्षाला ४३६ रुपयांत दोन लाखांची जीवन ज्योती विमा योजना आहेच. तिला मेडिकल नाही. पहिल्या तीस दिवसांत अपघाताखेरीज मृत्यू झाला तर ती पैसे देत नाही, एवढं लक्षात ठेवावं. आणि सगळं खरं लिहूनही कंपनीने क्लेम अडवला, तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार, महिनाभरात समाधान झालं नाही तर पुण्याला विमा लोकपालाचं कार्यालय आहे. पन्नास लाखांपर्यंतचं प्रकरण तिथे चालतं, फी नाही, वकील लागत नाही. नकाराचं अंतिम पत्र आल्यापासून एक वर्षाच्या आत अर्ज करायचा, आणि सोबत ती शाखेची पोच जोडायची.